सव्वादोन आणि अडीच

'हत्तीपाय' हा शब्द ठाऊक नसलेला मराठी माणूस विरळा. संस्कृतातला 'श्लीपद' हा त्याचा थोरला भाऊबंद. शिळेसारखे झालेले पाऊल, अशी त्याची फोड सांगितली जाते. दोन्ही शब्द चित्रदर्शी आहेत आणि दोन्ही फार उशिरा येणारे आहेत. पाय हत्तीच्या पायासारखा किंवा दगडासारखा दिसू लागेपर्यंत दुखण्याची कित्येक वर्षे होऊन गेलेली असतात, आणि त्या वर्षांना नाव नसते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात बाराव्या अध्यायात श्लीपदाचे वर्णन येते. वर्ष उलटून गेलेले, फार वाढलेले, वारुळासारखे झालेले श्लीपद वैद्याने सोडून द्यावे, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे जे काही करायचे ते आधी, हे त्या ग्रंथकाराला पुरते ठाऊक होते. त्याच अध्यायात, हे दुखणे हातांनाही होते, आणि काहींच्या मते कान, ओठ यांनाही, अशी एक ओझरती नोंद आहे. नाव पायाचे आणि दुखणे हाताचे, ही अडचण त्या काळीही कुणाला तरी जाणवली असली पाहिजे.

मला ती जाणवली माझ्या मावशीच्या डाव्या हातामुळे.

मावशीचे सासर कवठे येमाई. शिरूर तालुक्यातले, टाकळी हाजीच्या शेजारचे हे गाव. तमाशाच्या अभ्यासकांना ते लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर (१९४७–२०२१) यांच्यामुळे माहीत असते, बाकीच्यांना देवीमुळे. यमाई, येमाई या देवी रेणुकेच्याच परिवारातल्या मानल्या जातात. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी'त रेणुका-यल्लम्मा आणि वारूळ यांचे नाते उलगडून दाखवले आहे, हे या पानांच्या वाचकांना सांगायला नको. सुश्रुताचे वारूळ आणि देवीचे वारूळ यांचा एकमेकांशी संबंध जोडण्याचा माझा विचार नाही. एवढेच, की मावशीच्या हाताविषयी वाचताना हा शब्द समोर आला आणि मी काही वेळ तिथेच थांबले. वारूळ डोळ्यांना दिसते तेव्हा आतले काम कधीचे सुरू झालेले असते. असो.

२०१६ साली मावशीच्या डाव्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया पुण्यात झाली. काखेतल्या गाठी काढल्या, नंतर किरणोपचार झाले. ती बरी झाली. घरी आली, गोठ्यात गेली, कांद्याच्या काढणीला उभी राहिली. घरच्यांनी आणि तिने स्वतःही हा अध्याय संपला असे धरले, आणि कर्करोगापुरते ते आजपर्यंत खरे ठरले आहे.

काखेतल्या गाठी म्हणजे लसीकाग्रंथी. शरीरातल्या पेशींच्या अवतीभोवती झिरपणारे पाणी, त्यातली प्रथिने आणि कचरा, हे सगळे गोळा करून पुन्हा रक्तात नेऊन सोडणाऱ्या वाहिन्यांचे एक वेगळेच जाळे असते. रक्ताला हृदय आहे, या जाळ्याला तसा पंप नाही. वाहिन्यांचे स्वतःचे हलके आकुंचन, आतल्या झडपा आणि भोवतीच्या स्नायूंची हालचाल यांच्या जोरावर हे पाणी पुढे सरकते. काखेतल्या ग्रंथी काढल्या किंवा किरणांनी करपल्या की त्या हाताच्या वाहिन्यांची वाट अरुंद होते. कवठ्यात हे समजावून सांगायला अवघड नाही: पुढची चारी बुजली की पाणी वावरात तुंबते. फरक इतकाच, की हे पाणी साधे नसते. त्यात प्रथिने असतात. ती तुंबून राहिली की तिथे हळूहळू तंतू आणि चरबी साठू लागते आणि मऊ सूज घट्ट होत जाते. या दुखण्याला डॉक्टर लिम्फेडीमा म्हणतात. परिभाषेच्या अंगाने 'लसीकाशोफ' असा शब्द बनवता येईल, पण तो कुणाच्या तोंडी बसणार नाही, आणि बसला तरी तोही पुन्हा सुजेचेच नाव सांगेल. मुद्दा सुजेच्या आधीचा आहे.

काखेतल्या बहुतेक ग्रंथी काढलेल्या स्त्रियांपैकी साधारण पाचातल्या एकीला हा त्रास होतो. एक-दोन पहारेकरी ग्रंथी तपासून थांबण्याची नवी पद्धत जिथे वापरली जाते तिथे वीस जणींत एकीला. बहुतेकींना तो पहिल्या दोन-तीन वर्षांतच सुरू होतो, पण दहा वर्षांनीही होऊ शकतो. हे आकडे मी नंतर वाचले. मावशीच्या घरी जाता-येता माझ्या कानांवर पडत होते ते आकडे नव्हते, शब्द होते.

"हात जड झालाय गं." २०१८ च्या दिवाळीत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले. हात दिसायला अगदी नेहमीसारखा होता. पुढच्या खेपेला ती म्हणाली, "भरून आल्यावानी वाटतं." मग "तटतटतोय". मग, संध्याकाळी भाकरी थापून झाल्यावर, "बोटं ताठल्यात, मूठ वळंना". माझ्याप्रमाणे घरातल्या सगळ्यांनी हे ऐकले. गावातल्या डॉक्टरांनी ऐकले आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. पुण्याच्या तपासणीत तिने तेच सांगितले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी छाती तपासली, काख चाचपली, कर्करोग परतलेला नाही याची खात्री केली आणि आनंदाने तिला घरी पाठवले. त्यांच्या दृष्टीने प्रश्नाचे उत्तर मिळालेले होते.

व्हर्जिनिया वुल्फने १९२६ साली आजारपणावर एक निबंध लिहिला. प्रेमात पडलेल्या मुलीला शेक्सपिअर आणि कीट्स यांची भाषा आयती मिळते, पण डोकेदुखी डॉक्टरांना सांगू पाहणाऱ्या माणसाची भाषा तिथल्या तिथे आटून जाते, अशी तिची तक्रार होती. आजार आणि साहित्य या विषयावर बोलताना हा निबंध आपण वर्गात हमखास काढतो, आणि भाषेचे अपुरेपण हा निष्कर्षही हमखास काढतो. मावशीच्या बाबतीत मला तो लागू करता येत नाही. तिची भाषा आटली नव्हती. उलट तिने वापरलेला एकेक शब्द इतका नेमका होता, की आज वैद्यकाच्या पुस्तकातल्या पायऱ्या त्याच्याशेजारी मांडून ठेवता येतात.

'जड' हा पहिला. लिम्फेडीमाच्या टप्प्यांची जी सर्वमान्य मांडणी आहे तिची सुरुवात एकापासून होत नाही, शून्यापासून होते. या शून्याच्या टप्प्यात वाहून नेण्याची क्षमता कमी झालेली असते, पण सूज दिसत नाही. मोजपट्टीलाही सापडेलच असे नाही. असतो तो फक्त जडपणा, भरलेपणा, ओढ. हा टप्पा महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे टिकतो. म्हणजे काही काळ या दुखण्याचे अस्तित्व जवळजवळ केवळ रुग्णाच्या बोलण्यात असते. डोळ्यांनी पाहणाऱ्याला तिथे काही मिळत नाही, ऐकणाऱ्याला मिळते. आणि आपल्याकडे 'जड' या शब्दाचे दुर्दैव असे, की तो सरसकट सर्वांना लागू पडतो. डोके जड, पोट जड, पाय जड, मन जड. दिवसभर राबणाऱ्या बाईने हात जड झाला म्हटले तर त्यात ऐकण्यासारखे ते काय? पण मावशी 'हात' म्हणत होती, 'हात-पाय' नव्हे. आणि एकच हात म्हणत होती, ज्या बाजूची काख मोकळी केली होती तोच. विशेषण सगळ्यांनी ऐकले, विशेष्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

'तटतटणे' हा पुढचा. कातडी आतून ताणली जाते तेव्हाच हे क्रियापद वापरतात. नुसत्या दुखण्याला नाही. या सुमारास सूज येऊ लागली होती, पण संध्याकाळी येई आणि रात्रभर हात उशीवर राहिला की सकाळी ओसरे. ओसरणाऱ्या सुजेसारखी फसवी गोष्ट नाही. डॉक्टरकडे जायचे ते सकाळच्या एस.टी.ने, आणि सकाळी दाखवायला काही उरलेले नसे.

याच टप्प्यात अंगठ्याने दाबले तर खळगा पडतो आणि थोडा वेळ तसाच राहतो. हा शोध मावशीच्या नातवाने लावला. आजीच्या हातावर बोट दाबायचे, पडलेला खळगा भरून येईपर्यंत अंक मोजायचे, असा त्याचा खेळ होता. "आजीच्या हाताला खळी पडते," असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे आणि लोक कौतुकाने हसत. गालाला पडते ती खळी आणि सुजेला पडते तीही खळीच. मुलाच्या भाषेत चूक काहीच नव्हती. पुढे खळी पडेनाशी झाली तेव्हा त्याला खेळ संपल्याचे वाईट वाटले, मोठ्यांना मात्र सूज बरी होत आल्यासारखे वाटले. प्रत्यक्षात उलटे घडत होते. पाण्याची जागा तंतू आणि चरबी घेऊ लागली की दाबून खळगा पडत नाही आणि सूज रात्रीतून उतरतही नाही. मावशीने त्या कातडीसाठी वापरलेला शब्द होता 'निबर'. जून झालेल्या भेंडीला, काकडीला आपण जो शब्द वापरतो तोच. मी फ्रान्समधल्या रॉबर्ट स्टेमर या डॉक्टरांच्या चाचणीविषयी वाचले तेव्हा हा शब्द आठवला. १९७६ मध्ये त्यांनी सांगितलेली ही खूण साधी आहे: पायाच्या दुसऱ्या बोटाच्या, किंवा हाताच्या मधल्या बोटाच्या मुळाशी पाठीमागची कातडी चिमटीत धरून उचलायची. ती उचलली गेली नाही, तर लिम्फेडीमा असण्याची शक्यता मोठी. उचलली गेली म्हणजे मात्र तो नाहीच असे नव्हे. सुरुवातीला, किंवा बोटांपर्यंत सूज पोचलेली नसताना, ती उचलता येते. चिमटीत धरून पाहणे हा भाजी निवडणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातचा उद्योग आहे.

गावाने या काळात काय पाहिले? गावाने बाळसे पाहिले. कर्करोगातून उठलेली बाई, आता हात भरलाय, तब्येत सुधारली, असे शेजारणी मनापासून म्हणत. सूज आणि बाळसे यांतला फरक सांगणारी म्हण ज्या भाषेत अर्थशास्त्रज्ञांपासून अग्रलेखकारांपर्यंत सगळे वापरतात, त्या भाषेत खरी सूज समोर आली तेव्हा तिला बाळसे म्हटले गेले. एकाच हाताला बाळसे कसे येईल, असे कुणी विचारले नाही. एवढा एक प्रश्न पुरला असता. हृदय, मूत्रपिंड, यकृत यांच्या बिघाडाची सूज सहसा दोन्ही बाजूंना येते, बहुधा पायांवर. एका बाजूची सूज वेगळी चौकशी मागते. पायाची एकाएकी आलेली दुखरी सूज असेल तर ती चौकशी त्याच दिवशी झाली पाहिजे, कारण शिरेत रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते. कर्करोग होऊन गेलेल्या माणसाची झपाट्याने वाढणारी सूजही तशीच, थांबण्यासारखी नसते.

आता बांगड्यांविषयी. मराठीत बांगडी फुटली असे म्हणायचे नाही, 'वाढली' म्हणायचे. नारळ वाढवतात, दुकान वाढवतात, कुंकू वाढवतात. मोडणे, बंद होणे, पुसणे या अशुभांवर घातलेले हे पांघरूण. २०१९ मध्ये मावशीने तीनदा डाव्या हातातल्या बांगड्या वाढवल्या. त्या रुतत होत्या, मनगटावर वळ उठत होते, काढू म्हटले तर निघत नव्हत्या. शेवटी फोडाव्या लागल्या. पण तिने सांगितले "बांगड्या वाढवल्या", आणि ऐकणाऱ्याने नेहमीप्रमाणे ते ऐकून सोडून दिले. फुटली म्हटले असते तर कशी फुटली असे कुणी तरी विचारले असते. शुभ शब्दाला पुढचा प्रश्न नसतो. सोज्ज्वळ भाषेविषयी आपण वर्गात बरेच बोलतो, शब्दांच्या अर्थविस्ताराची उदाहरणे देतो. ती एखाद्या बाईचे लक्षण झाकून ठेवू शकते, हे उदाहरण मला माझ्या मावशीच्या घरी मिळाले.

दर खेपेला नव्या बांगड्या भरल्या गेल्या. कासारणीने तिचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला, अंगठ्याच्या बुडाचे हाड आत दाबून पाहिले आणि सांगितले: उजव्याला सव्वादोन, डाव्याला आता दोन-सहा. तिसऱ्या खेपेला डाव्याला अडीच. कासाराची मापे व्यासाची असतात, इंचांत. जुन्या रुपयाचे जसे सोळा आणे, तसे या इंचाचे सोळा भाग. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि चार सोळांश, अर्थात सव्वादोन, त्यापुढचे दोन-सहा, त्यापुढचे दोन-आठ, म्हणजे अडीच. मी हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा थोडा वेळ बघतच राहिले. व्यास दोन सोळांश इंचाने वाढला की परीघ जवळजवळ नेमका एक सेंटीमीटर वाढतो. सव्वादोन आणि अडीच यांच्या परिघांत फरक दोन सेंटीमीटरचा. आणि दोन्ही हातांवर एकाच जागी मोजपट्टी लावून दोन सेंटीमीटर किंवा अधिक फरक भरला तर लिम्फेडीमा धरावा, हाच डॉक्टरांचा वर्षानुवर्षांचा ढोबळ दंडक आहे.

या योगायोगाला फार ताणू नये. बांगडी हाताच्या पंजावरून चढते, म्हणजे तिचे माप पंजाचे. डॉक्टर मनगट, कोपराखाली, कोपरावर अशा अनेक ठिकाणी मोजतात. पंजापर्यंत न पोचलेली सूज बांगडीला कळणार नाही. उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा उजवा हात मुळातच किंचित मोठा असतो, हेही लक्षात घ्यावे लागते. अर्थात इथे वाढलेला हात डावा होता. ज्यांच्या हातात बांगडी नाही, त्यांना हे माप उपलब्धच नाही. मावशीची जाऊ विधवा आहे. तिच्यावर ही वेळ आली असती तर मनगटाने काहीच सांगितले नसते. तिथे बाही बोलली असती. मावशीच्या ब्लाउजांतही ही नोंद होतीच: दोन ब्लाउजांची फक्त डावी बाही उसवून शिवण बाहेर सरकवलेली होती. शिवणाऱ्या मुलीने ते केले आणि दहा रुपये घेतले. पुरुषांत घड्याळाचा पट्टा, अंगठी. पायाचे दुखणे असेल तर जोडवी, पैंजण, एकाच पायात घट्ट होणारी चप्पल. शरीरावर आपण ज्या वस्तू चढवतो त्या सगळ्या एका अर्थाने मोजमापाची साधने आहेत, फक्त त्यांचे आकडे कुणी लिहून ठेवत नाही. मावशीचा बांगड्यांचा डबा मी नंतर पाहिला. उजव्याच्या आणि डाव्याच्या वेगवेगळ्या पुडक्यांत होत्या. दीड वर्षाचा इतिहास त्यात तारखेवार सापडत होता: ही यात्रेतली, ही भाचीच्या लग्नातली, ही गौरीतली.

निदान झाले ते मात्र तापामुळे. ऊस तोडताना पात्याने डाव्या हाताला ओरखडा पडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला, हात लालबुंद आणि गरम झाला, आणि पहिल्यांदाच मावशीने 'ठणका' हा शब्द वापरला. हा शब्द मात्र घराने लगेच ऐकला. ठणक्याची भीती सर्वांना असते. तुंबलेल्या हातात जंतूंना रान मोकळे मिळते आणि त्वचेखालचा संसर्ग काही तासांत पसरतो. असा एकेक झटका उरल्यासुरल्या वाहिन्यांचे आणखी नुकसान करतो आणि पुढच्या झटक्याची वाट सोपी करतो. शिरूरला दाखल करून प्रतिजैविके दिली, मग पुण्याला नेले. तिथे एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने शिंप्याची असते तशी पट्टी काढली, दोन्ही हातांवर पेनने खुणा केल्या आणि आकडे लिहिले. कोपराखाली फरक तीन सेंटीमीटरहून अधिक होता. तिने विचारले, "कधीपासून आहे?" मावशी म्हणाली, "येमाईच्या यात्रेपासून अडीचच्या लागतात." मुलीला ते कळले नाही. मला त्या क्षणी कळले.

सुनेने फोनवर शोधले तेव्हा तिला हत्तीरोग सापडला, आणि घरात आठवडाभर डासांची दहशत होती. ही भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. महाराष्ट्रात लिम्फेडीमाचा मोठा मुलूख आहेच, पण तो पुणे जिल्ह्यात नाही, पूर्व विदर्भात आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत तो क्युलेक्स डासांनी पोचवलेल्या कृमींमुळे होतो. कृमी लसीकावाहिन्यांतच घर करतात आणि त्यांची पिल्ले रात्री रक्तात उतरतात, म्हणून आरोग्यसेवक रक्ताचे नमुने घ्यायला रात्री दारात येतात. राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम १९५५ पासून चालू आहे. २००४ पासून वर्षातून एकदा सर्वांना गोळ्या देण्याची मोहीम आली आणि जानेवारी २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत सुरू झाली. कारण वेगळे, पण पुढची वाट तीच: आधी जडपणा, ये-जा करणारी सूज, मग ताप आणि ठणका, मग निबर कातडी. रोवणीच्या दिवसांत चिखलात उभ्या राहणाऱ्या बायकांना तिथले कार्यकर्ते जे शिकवतात, म्हणजे पाय साबणाने धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे, भेग पडली तर लगेच मलम लावणे, तेच मावशीला हातासाठी शिकवले गेले. श्लीपद जुने पाणी साचणाऱ्या प्रदेशांत होते, असे सुश्रुतसंहिता म्हणते. शिरूरसारख्या पावसाने पाठ फिरवलेल्या तालुक्यात हाताला ते व्हावे, याची कल्पना त्या अध्यायाला असण्याचे कारण नव्हते.

उपचारांविषयी थोडेच सांगते, कारण ते पुस्तकात सापडतात: विशिष्ट पद्धतीने हलका मसाज, थरांची पट्टी, मग मापाची घट्ट बाही, व्यायाम, त्वचेची निगा. दुखणे लवकर सापडले तर या सगळ्याचा गुण चांगला येतो. निबर झालेली कातडी पहिल्यासारखी होत नाही. एका सूचनेविषयी मात्र लिहिलेच पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना दिलेल्या कागदावर इंग्रजीत होते आणि तोंडी मराठीत सांगितले होते: "डाव्या हाताने जड उचलू नका." मावशीने तेव्हा विचारले होते, "जड म्हंजे किती?" उत्तर मिळाले, जड म्हणजे जड. चाळीस वर्षे हंडा, घमेले, गवताचा भारा उचलणाऱ्या बाईला हे वाक्य म्हणजे काहीच सांगत नाही, किंवा जगूच नका असे सांगते. तिने पहिला अर्थ घेतला. गंमत अशी, की ती सूचनाही आता जशीच्या तशी टिकलेली नाही. २००९ मध्ये अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ आणि सहकाऱ्यांनी १४१ स्त्रियांवर केलेल्या चाचणीत, देखरेखीखाली हळूहळू वाढवत नेलेल्या वजनांच्या व्यायामाने हाताची सूज वाढली नाही, आणि दुखणे उसळण्याचे प्रकार कमी झाले. हात वापरायचा नाही असे नव्हे; टप्प्याटप्प्याने वापरायचा, आणि हाताने 'जड' म्हटले की ऐकायचे. म्हणजे पुन्हा तोच शब्द. कागदावर तो वजनाचे विशेषण होता, मावशीच्या तोंडी तो हाताचे विशेषण होता, आणि डॉक्टर व रुग्ण एकच शब्द वापरून दोन वेगळ्या गोष्टींविषयी बोलत राहिले.

मावशीला बाही आवडलेली नाही. चैत्र-वैशाखात कवठ्याच्या उन्हात ती घालून बसणे सोपे नाही, आणि शेण काढताना, पीठ मळताना ती काढावीच लागते. गावात तिला 'हातमोजा' म्हणतात. डाव्या हातात आता बांगड्या नाहीत, यावरून सुरुवातीला दोन-तीन वयस्कर बायकांनी तिला बोल लावला. सवाष्णीचे मनगट उघडे कसे? तिने त्यांना बाही दाखवली आणि उजव्या हातात दुप्पट बांगड्या भरल्या. तिचा हात पूर्ववत झालेला नाही, होणारही नाही. ठणका मात्र त्यानंतर एकदाच आला, आणि त्या वेळी ताप चढायच्या आत ती दवाखान्यात होती.

फिजिओथेरपिस्ट मुलीने दर महिन्याला मोजायला सांगितले आहे. एकादशीला सकाळी नातू पट्टी धरतो. मनगट, मग कोपराच्या आठ बोटे खाली, मग कोपराच्या आठ बोटे वर. खुणा मावशीने स्वतःच्या बोटांनी ठरवल्या आहेत, म्हणजे दर वेळी जागा चुकत नाही. आकडे कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिले जातात. मागच्या वेळी गेले तेव्हा मी ते पान पाहिले. डावा, उजवा, फरक, असे तीन रकाने नातवाने आखले होते आणि चौथा मावशीने आखून घेतला होता. त्यात आकडा नव्हता. त्यात दर महिन्याला एक शब्द होता: हलका, हलका, जड, हलका, तटतट, हलका.